पायातले कडे

छोटा टिलवा हा पक्षी हिवाळ्यात आपल्या डोंबिवलीपासून जवळच असलेल्या ठाणे खाडीच्या चिखलात चरतो. त्याचे वजन जेमतेम 25 ग्रॅम. पण त्याचे घरटे असते दूर उत्तर रशियात! एवढासा जीव कोठून कोठे जातो, हे कसे कळते?

त्याच्या पायातल्या कड्यावरून. उर्दूत आपण त्याला छल्ला म्हणू. 1899 मध्ये डेन्मार्कमधील मॉर्टेन्सेन या शिक्षकाने पक्ष्यांच्या पायांत क्रमांकाची ॲल्युमिनियमची कडी घातली. भारतात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने 1927 मध्ये हे काम आरंभले. 1960च्या दशकात डॉ. सालिम अलींनी ते फार वाढवले.

काही जण विचारतात, "पाखराला ही बेडी कशाला?" शंका दयेपोटी येते, पण जाणकाराने घातलेले हलके कडे पक्ष्याला जड होत नाही. पक्षी कोठे उतरतात हे कळले, तरच त्या पाणथळ जागा बुजवू नका, असे पुराव्यानिशी सांगता येते.

मात्र कडे घालणाऱ्याचे काम अर्धेच असते. उरलेले अर्धे ते पाहणाऱ्याचे. कडे असलेला पक्षी मेलेला आढळला, तर मोठ्यांच्या मदतीने क्रमांक, ठिकाण व तारीख लिहून घ्या आणि सोसायटीला कळवा. जिवंत पक्षी पकडू नका. परवानगीवाचून तसे करणे गुन्हा आहे.

गंमत म्हणून ते कडे खिशात टाकाल, तर हजारो किलोमीटरच्या प्रवासाची नोंद तुमच्या खिशातच हरवेल.