कारागिराचा कान आणि मालकाची खरेदी

कापडाचा हिशेब मांडताना आपण सूत, वीज, मजुरी, गाडीभाडे, दलाली सर्व काही धरतो. ज्याच्या हातून ते कापड निघते, त्या कारागिराच्या कानाची झीज मात्र कोणाच्याही वहीत लिहिली जात नाही. मालेगाव, भिवंडी किंवा इचलकरंजीहून माल आणणाऱ्या प्रत्येक व्यापाऱ्याला माहीत आहे की, वीस-पंचवीस वर्षे माग चालवलेला माणूस शेडच्या बाहेर आला तरी ओरडूनच बोलतो. लोक म्हणतात, त्याची सवयच तशी. ती सवय नव्हे. ते बहिरेपण आहे, आणि ते कामाने दिलेले आहे.

जालन्यात मागाची शेडे फारशी नसली तरी गोंगाट कमी नाही. लोखंडाच्या रोलिंग मिल, भंगार वितळवणाऱ्या भट्ट्या, जिनिंगचे कारखाने, शिवाय वेल्डिंग, ग्रिल, पत्राकाम आणि ट्रॉल्यांची दुकाने आहेत. यात राबणारे आणि लहानसहान दुकान चालवणारे आपले बांधव पुष्कळ आहेत. अशा ठिकाणी कानासाठी साधन घ्यायचे म्हटले की आता इलेक्ट्रॉनिक इअरमफचेही नाव निघते. शिकारी आणि नेमबाज वापरतात ती ही वस्तू. आपल्या देशात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंदी आली. पण शिकाऱ्याचे हे साधन आमच्या कारखान्यात कामाचे आहे काय, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे.

माझे मत असे की, महाग की स्वस्त हे नंतर पाहावे. आपल्या जागेतला आवाज कोणत्या जातीचा आहे, हे आधी ओळखावे.

आवाजाच्या दोन जाती

बंदुकीचा बार १४० डेसिबलच्या वर जातो, पण तो क्षणाचा असतो. आधी शांतता, नंतर शांतता. शिकाऱ्याला पाचोळ्याची सळसळ ऐकायची असते आणि बारापासून कानही वाचवायचा असतो. म्हणून या इअरमफच्या दोन्ही वाट्यांवर बाहेरून लहान मायक्रोफोन बसवलेले असतात. हळू आवाज ते आत पोचवतात, हवे तर वाढवतातही. बाहेर धमाका झाला की आत येणारा आवाज रोखला जातो. चांगल्या बनावटीत ही मर्यादा ८२ डेसिबलच्या आसपास असते.

आता मागाचे शेड पाहा. तेथे मधली शांतता नाहीच. धोट्याच्या जुन्या मागांचा आवाज १०० डेसिबलच्या घरात असतो आणि तो पूर्ण पाळीभर चालतो. जिनिंगमध्येही खंड नसतो. तेथे इलेक्ट्रॉनिक यंत्र सतत रोखण्याच्याच कामात राहील आणि आपल्याकडून काही आवाज दिवसभर कानात सोडत राहील. म्हणजे पैसे जास्त आणि फायदा साध्या इअरमफपेक्षा कमीच. याउलट भंगाराच्या आवारात लोखंड आदळते, मग थांबते. क्रेनवाल्याला खालून इशारा द्यावा लागतो. मुकादमाची हाक ऐकू आली नाही तर माणूस जिवाला मुकू शकतो. तेथे काही निवडक माणसांना हे साधन दिले तर ती रक्कम वाया गेली असे मी म्हणणार नाही. सरसकट सगळ्यांसाठी घेणे मात्र व्यापारी शहाणपणाचे नाही. फोमच्या गोळ्या काही रुपयांत येतात, साधा इअरमफ काही शे रुपयांत. इलेक्ट्रॉनिकला हजार मोजावे लागतात, वर बॅटरीचा खर्च. एकाला भारी आणि नऊ जणांना काहीच नाही, यापेक्षा दहाही जणांना साधे बरे.

डब्यावरचा आकडा

डब्यावर ‘एनआरआर’ म्हणून आकडा छापलेला असतो. फोमच्या गोळ्यांवर २९ लिहिलेले पाहून पुष्कळ लोक समजतात की, १०० चा आवाज ७१ वर आला. तो आकडा प्रयोगशाळेतला असतो. अमेरिकेच्या कामगार खात्याच्या सावध हिशेबाने त्यातून ७ वजा करावेत आणि उरलेल्याचे निम्मे धरावे. २९ चे ११ झाले. १०० च्या शेडमध्ये कानावर ८९ उरले. गोळी घालून वर इअरमफही चढवला तर आणखी ५ धरावेत, म्हणजे ८४.

आपल्याकडच्या कारखाना नियमांनी आठ तासांसाठी ९० डेसिबलची मर्यादा घातली आणि पुढे प्रत्येक ५ डेसिबलला वेळ निम्मा केला: ९५ ला चार तास, १०० ला दोन तास. अमेरिकेतील ‘निऑश’ ही संशोधन संस्था तर आठ तासांना ८५ च योग्य मानते. आमच्या मागावर पाळी बारा तासांची चालते, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे. खरेदी करताना भारतीय मानक ‘आयएस ९१६७’ किंवा युरोपचे ‘ईएन ३५२’ यांपैकी काही छापलेले आहे काय, ते पाहावे. कानात कापसाचा बोळा घालून संरक्षण होते हा समज सोडून द्यावा. त्याने फार थोडा आवाज अडतो.

वापरणाऱ्याची सोय

जे साधन अंगाला त्रास देते, ते खुंटीवर टांगले जाते. मराठवाड्याच्या मे महिन्यात भट्टीजवळ इअरमफ घामाने भिजतो. तेथे गोळ्या बऱ्या. ज्याचा कान वाहतो त्याने गोळी घालू नये; त्याला इअरमफ द्यावा. चष्म्याची काडी, कानाजवळची दाट दाढी किंवा टोपी-रुमालाची कड वाटीखाली आली की फट पडते आणि त्या फटीतून आवाज आत शिरतो. वाटी थेट कातडीवर टेकली पाहिजे. फोमची गोळी बोटांनी बारीक वळावी, दुसऱ्या हाताने कान वर-मागे ओढावा, गोळी आत सारून वीस-तीस सेकंद दाबून धरावी. तेलकट हाताने ती हाताळू नये. जोहरच्या वुजूला ती काढावीच लागते. तेव्हा हात स्वच्छ असतात, नमाजनंतर त्याच हाताने नीट बसवून कामाला लागावे.

गोंगाटाने कान एकदम जात नाही. आधी बारीक, उंच पट्टीचे आवाज जातात. आम्ही उर्दू शाळेत शिकलेले लोक शीन-काफच्या दुरुस्तीवर फार भर देतो. गोंगाट सर्वांत आधी तो ‘शीन’च पळवतो. म्हणून कारागिराला भोंग्यावरची अजान ऐकू येते, पण घरात नातीचे बोलणे समजत नाही. मेलेल्या पेशी पुन्हा उगवत नाहीत, आणि श्रवणयंत्राने गेलेला कान परत मिळत नाही.

खर्च कोणाचा?

मालक म्हणतो, मजुरी पिकावर ठरते, त्यात ही भर कशी घालू? मजूर म्हणतो, मला एवढी वर्षे काही झाले नाही. व्यापारी म्हणतो, शेड माझे नाही. तिघांच्या मध्ये कान जातो. कायद्याने हा विषय सोडलेला नाही. १९४८ च्या कारखाना कायद्याने आवाजाने येणारे बहिरेपण कळवण्याजोग्या रोगांत घातले होते. त्याच वर्षीच्या कामगार विमा कायद्यानेही ते धंद्याचा आजार मानले. पण पुष्कळ लहान शेडांत माणसेच इतकी कमी असतात की, कारखान्याचा कायदा तेथे पोचत नाही. जेथे पोचतो, तेथेही कान कधी आणि कशाने गेला याचा कागद मजुराजवळ नसतो. म्हणून कामाला ठेवताना आणि पुढे दरवर्षी कानाची तपासणी करून तिचा कागद त्याच्या हाती द्यावा. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या कान-नाक-घसा विभागात ही तपासणी होते.

मला वाटते, साधनाचा खर्च मालकाने करावा आणि माल घेणाऱ्या व्यापाऱ्याने तो भावात मान्य करावा. वर्षाच्या उत्पादनावर वाटला तर मीटरमागे तो जाणवणारही नाही. घासाघीस करायला दुसऱ्या पुष्कळ बाबी आहेत. कुरआनात कान आणि डोळे यांचा उल्लेख वारंवार एकत्र येतो आणि बहुतेक ठिकाणी कान आधी येतो. ही अमानत आहे. मजुराने आपले हात आपल्याला मजुरीवर दिले आहेत, कान दिलेला नाही. पुढच्या वेळी भाव ठरवायला बसाल तेव्हा एवढे तरी विचारा की, तुमच्या शेडमध्ये कानाला काय लावतात? गिऱ्हाइकाने विचारलेला प्रश्न मालक सहसा विसरत नाही.