कप कोणाचा, कष्ट कोणाचे?



डिसेंबर २०२५ मध्ये काठमांडूच्या दशरथ रंगशाळेत बायकांच्या फुटबॉलची एक स्पर्धा झाली. भारत, नेपाळ, बांगलादेश, भूतान आणि पाकिस्तान या पाच शेजारी देशांतले पाच अव्वल क्लब त्यात उतरले होते. दक्षिण आशियाई फुटबॉल महासंघाने बायकांच्या क्लबांसाठी भरवलेली ही पहिलीच स्पर्धा. अंतिम सामन्यात कोलकात्याच्या ईस्ट बंगालने नेपाळच्या एपीएफ संघाला ३-० असं हरवून कप जिंकला. मी रोज वाचते त्या मराठी वर्तमानपत्रांत मला याची चार ओळींची बातमीही दिसली नाही.

त्याच वर्षी सप्टेंबरात दुबईला पुरुषांच्या क्रिकेटचा आशिया चषक झाला. भारतीय खेळाडूंनी पाकिस्तानी खेळाडूंशी हस्तांदोलन केलं नाही, आणि त्यावर कितीतरी दिवस रकानेच्या रकाने भरले. त्यानंतर तीनच महिन्यांनी कोलकात्याच्या आणि कराचीच्या क्लबांतल्या बायका एकाच मैदानावर एकमेकींविरुद्ध खेळल्या. ते मात्र कोणाला सांगावंसं वाटलं नाही. सीमेपलीकडच्या बहिणींशी नातं जोडणं आपल्या चळवळीला नवं नाही. कमला भसीन यांच्या पुढाकाराने उभं राहिलेलं ‘संगत’चं काम आपल्यापैकी अनेकींना माहीत आहे. त्यामुळे या स्पर्धेचं मला कौतुकच आहे. पण कौतुक करून थांबलं तर चालणार नाही, म्हणून हा लेख.

माझा मुद्दा साधा आहे. देशाचा संघ वर्षातून काही दिवस एकत्र येतो. खेळणाऱ्या बाईचं रोजचं जगणं अवलंबून असतं ते क्लबावर. तिचा सराव, जेवण, राहणं, पगार, दुखापतीवरचा उपचार, सगळं क्लब ठरवतो. म्हणजे क्लब हे तिचं कामाचं ठिकाण आहे. मग विजेत्या क्लबांना बोलावताना ‘तुमच्याकडे काम करणाऱ्या बायकांना तुम्ही कसं वागवता?’ हा प्रश्न महासंघाने विचारायला नको का?

काठमांडूत उतरलेल्या संघांकडेच पाहा. एपीएफ म्हणजे नेपाळचं सशस्त्र प्रहरी दल. नेपाळमध्ये बायकांचे बळकट संघ आहेत ते सैन्याचे, पोलिसांचे आणि या दलाचे. तिथे चांगलं खेळणाऱ्या मुलीला गणवेशातली नोकरी मिळते. पगार ठरलेला असतो, आणि खेळायचे दिवस संपले तरी चूल पेटती राहते. पण ज्या मुलीला बंदुकीची नोकरी नको असेल तिने जायचं कुठे?

ईस्ट बंगालची गोष्ट वेगळी. १९२० साली स्थापन झालेला हा पुरुषांचा नामांकित क्लब. त्यांच्या पुरुष संघाने राष्ट्रीय लीग जिंकली २००३-०४ च्या मोसमात. त्यानंतर तब्बल एकवीस वर्षांनी क्लबाला राष्ट्रीय लीगचं विजेतेपद मिळालं ते बायकांच्या संघामुळे, २०२४-२५ मध्ये. या संघात युगांडाची फाझिला इक्वापुटही खेळते. घर सोडून इतक्या दूर येऊन खेळणारी अशी बाई म्हणजे स्थलांतरित कामगारच, हे आपण विसरता कामा नये.

आणि बांगलादेश? त्यांच्या मुलींनी २०२२ आणि २०२४ अशी दोनदा, काठमांडूतच, नेपाळला अंतिम सामन्यात हरवून दक्षिण आशियाई विजेतेपद मिळवलं. कलसिंदूरसारख्या खेड्यातल्या शाळेत खेळू लागलेल्या मुली देशाच्या संघात पोचल्या. पण त्यांच्या क्लबांचं काय झालं? बसुंधरा किंग्ज या क्लबाने बायकांची लीग लागोपाठ तीनदा जिंकली, आणि पुढच्या लीगमध्ये संघच उतरवला नाही. लीगमध्ये पुरुषांचा संघ राहिला, बायकांचा गेला. विजेतेपदसुद्धा बायकांची नोकरी वाचवू शकलं नाही! २०२५ मध्ये बांगलादेशच्या कितीतरी राष्ट्रीय खेळाडू भूतानच्या लीगमध्ये खेळायला गेल्या. त्याच वर्षी जानेवारीत राष्ट्रीय संघातल्या अठरा जणींनी प्रशिक्षकाविरुद्ध उघड बंड केलं. त्याच महिन्यात जोयपूरहाटला जमावाने मोडतोड करून मुलींचा सामना होऊ दिला नाही. एकीकडे जमाव, दुसरीकडे मालकांची मर्जी, आणि मध्ये या मुली.

आपल्याकडे सगळं आलबेल आहे असं समजू नका. केरळच्या गोकुलम क्लबाचा बायकांचा संघ २०२१ मध्ये जॉर्डनमधल्या अकाबा इथे आशियाई क्लब स्पर्धा खेळला. तिथे मनीषा कल्याणने गोल केला, आणि या स्पर्धेत गोल करणारी ती पहिली भारतीय ठरली. पुढच्या वर्षी, ऑगस्ट २०२२ मध्ये, हा संघ पुन्हा त्याच स्पर्धेसाठी उझबेकिस्तानला पोचला. इराण आणि उझबेकिस्तानच्या क्लबांशी सामने व्हायचे होते. इतक्यात ‘फिफा’ने भारतीय महासंघाला निलंबित केलं. अध्यक्षांची मुदत संपूनही निवडणूक झालेली नव्हती, सर्वोच्च न्यायालयाने प्रशासक नेमले होते, आणि ‘फिफा’ला ही बाहेरची ढवळाढवळ वाटली. खुर्चीचा हा सगळा घोळ पुरुषांचा. ताश्कंदहून न खेळता परत आल्या त्या बायका. निलंबन उठलं २६ ऑगस्टला, पण तोवर यांची स्पर्धा हातची गेली होती. घरातल्या कर्त्याने कर्ज करावं आणि दागिने बायकोचे मोडावेत, असाच हा प्रकार.

मुंबईतल्या ज्या वस्तीत मी काम करते तिथे आमच्या किशोरी गटातल्या मुली गेली काही वर्षं फुटबॉल खेळतात. मैदान मिळवण्यापासून लढाई असते, कारण संध्याकाळचं मैदान मुलग्यांचं हे गृहीतच धरलेलं. जवळपास धड संडास नाही, त्यामुळे पाळीच्या दिवसांत निम्म्या मुली येत नाहीत. घरोघरी फिरताना एका मुलीच्या आईने मला विचारलं, “ताई, पोरगी खेळतेय ते चांगलंच, पण यातून हिला पुढं काय मिळणार?” ती बाई सकाळी चार घरची भांडी घासून येते. तिचा प्रश्न मागासलेला म्हणून झटकून टाकण्यासारखा नाही, तो कामगार बाईने विचारलेला रास्त प्रश्न आहे. आत्मविश्वास, नेतृत्वगुण ही आपल्या अहवालांतली उत्तरं तिच्यापुढे अपुरी पडतात. तिला हवं आहे पगाराचं आणि सुरक्षिततेचं उत्तर.

काही उत्तरं कागदावर आहेत. २०२१ पासून ‘फिफा’च्या नियमांनुसार व्यावसायिक महिला खेळाडूला चौदा आठवड्यांची बाळंतपणाची रजा आणि त्या काळात निदान दोन तृतीयांश पगार मिळाला पाहिजे. आपल्या महासंघाने २०२३ मध्ये लीगमधल्या क्लबांनी दहा भारतीय खेळाडूंना वर्षाला किमान ३ लाख २० हजार रुपये द्यावेत असं ठरवलं. पण करारच हातात नसेल तर रजा कोणत्या आधारावर मागायची? आणि अकराव्या, बाराव्या मुलीचं काय?

सुरक्षिततेचं बोलायचं तर मार्च २०२४ आठवा. दुसऱ्या श्रेणीच्या महिला लीगसाठी हिमाचलचा एक संघ गोव्यात उतरला होता. क्लबाचा कर्ताधर्ता रात्री खोलीत आला आणि त्याने मारहाण केली, अशी तक्रार दोन खेळाडूंनी केली. तो महासंघाच्या कार्यकारी समितीचाही सदस्य होता. गोवा पोलिसांनी त्याला अटक केली, महासंघाने निलंबित केलं. प्रश्न असा, की क्लब ज्याचा आणि महासंघही ज्याचा, त्याच्याविरुद्ध मुलीने तक्रार करायची कोणाकडे?

इथे आपल्या कार्यकर्त्यांना एक गोष्ट पक्की माहीत हवी. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात ‘कामाचं ठिकाण’ या व्याख्येत क्रीडा संस्था, स्टेडियम, क्रीडा संकुल आणि स्पर्धेची जागा यांचा स्पष्ट उल्लेख आहे, मग ती जागा निवासी असो वा नसो. जिथे दहा किंवा अधिक माणसं काम करतात तिथे अंतर्गत समिती हवी. त्याहून कमी असतील, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. किती क्लबांच्या भिंतीवर या समितीची नावं लावलेली आहेत?

म्हणून माझी सूचना आहे की या शेजारी देशांच्या स्पर्धेत प्रवेशासाठी चार अटी घाला. प्रत्येक खेळाडूच्या हातात तिला वाचता येईल अशा भाषेतला करार. तक्रार निवारण समिती, आणि तिच्यात क्लबाबाहेरची एक बाई. व्यवस्थापनात बायका. आणि जिंकल्यानंतर निदान पुढचे दोन मोसम संघ चालवण्याची हमी.

यावर लगेच म्हटलं जाईल, की स्पर्धा आत्ताच कुठे सुरू होतेय, अटी घातल्या तर क्लब पळून जातील. हे आपण गिरण्यांपासून अंगणवाड्यांपर्यंत ऐकत आलो आहोत. आधी काम मिळू द्या, हक्कांचं नंतर बघू! पुरुषांच्या आशियाई क्लब स्पर्धांत उतरायला क्लबाला परवाना लागतो, त्यासाठी निकष पुरे करावे लागतात. त्या अटींनी पुरुषांचं फुटबॉल बंद पडलं नाही. आणि बसुंधराच्या बाबतीत तर कोणी अटी घातल्या नव्हत्या, तरी संघ गेलाच.

आपल्या राज्यापुरतं बोलायचं तर कोल्हापुरात तालमींचे संघ खेळतात तेव्हा सगळं शहर लोटतं. त्याच शहराच्या नावाचा बायकांचा संघ २०१९ मध्ये राष्ट्रीय लीग खेळला, गोव्याचा पणजी फुटबॉलर्सही त्यात होता. तेव्हा ती लीग लुधियानात मे महिन्याच्या उन्हात तीनेक आठवड्यांत उरकली होती. घरच्या आणि बाहेरच्या मैदानांवर सामने सुरू झाले ते २०२३-२४ पासून. एवढं मिळायलाही इतकी वर्षं लागली.

तेव्हा आपल्या जिल्ह्याच्या फुटबॉल संघटनेकडे एक पत्र घेऊन जाऊ या. मुलींचे किती संघ आहेत, त्यांना किती सामने मिळतात, तक्रार समितीत कोण आहे, एवढे तीनच प्रश्न विचारू या. मिळालेली उत्तरं, आणि उत्तर न मिळाल्यास तेही, या अंकाकडे पाठवा. नेपाळ आणि बांगलादेशातल्या मैत्रिणींनाही हेच तीन प्रश्न विचारायला सांगू. पुढची स्पर्धा जाहीर होईल तेव्हा ही सगळी पत्रं महासंघाच्या टेबलावर एकत्र पडली पाहिजेत.