यंत्रमागावरचा फोन

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या यंत्रमागांवर काम करणाऱ्यांच्या फोनचं दुखणं बहुतेकदा चार्जिंगच्या खाचेत असतं. चादरीच्या सुताचे बारीक तंतू आत दबत जातात, पिन नीट बसत नाही आणि माणूस उगाच नवी केबल घेतो. आधी फोन बंद करून लाकडी टूथपिकने हलक्या हाताने ते तंतू उकरून काढा. राखाडी गोळीच बाहेर येते. सुई घालू नका, आतल्या पट्ट्या खरवडतात. दुसरा शत्रू सोलापूरचं ऊन. पारा ४० च्या पुढे गेला की लिथियम-आयन बॅटरी लवकर झिजते. म्हणून मे महिन्यात चार्जिंगच्या वेळी जाड कव्हर काढाच. फुगलेली बॅटरी मात्र दाबू नका, टोचू नका. फोन बंद करून दुरुस्तीवाल्याकडे न्या.