हिरवा पडदा आणि वर्गाचें छायाचित्र

वर्गाच्या वार्षिक छायाचित्राच्या दिवशीं जो विद्यार्थी आजारामुळें किंवा अन्य कारणानें हजर नव्हता, त्याचें चित्र मागाहून हिरव्या पडद्यापुढें घेऊन तें रांगेंतल्या एखाद्या मोकळ्या जागीं बसवून द्यावें, अशी मागणी हल्लीं कित्येक पालक करूं लागले आहेत. छायाचित्रकारास हें काम थोड्या वेळाचें. मग शाळेनें हरकत कां घ्यावी, असा त्यांचा प्रश्न आहे. प्रश्न प्रामाणिक आहे, म्हणून त्याचें उत्तरहि नीट विचार करून दिलें पाहिजे.

प्रथम ही युक्ति काय आहे तें पाहूं. संगणकांतील चित्र असंख्य बारीक बिंदूंचें बनलेलें असतें व प्रत्येक बिंदूंत तांबडा, हिरवा व निळा या रंगांचें प्रमाण अंकांनीं नोंदलेलें असतें. जेथें हिरव्याचें प्रमाण इतर दोहोंहून पुष्कळच अधिक असेल तेथें चित्र पारदर्शक कर, अशी आज्ञा संगणकास दिली म्हणजे पडदा नाहींसा होतो आणि मागें हवें तें दृश्य ठेवतां येतें. हिरवाच रंग कां? तर मनुष्याची कातडी गोरी असो वा काळी, तिच्यांत तांबड्याचा अंश अधिक, हिरव्याचा कमी. शिवाय बहुतेक डिजिटल कॅमेऱ्यांत प्रकाश टिपणाऱ्या बिंदूंपैकीं निम्मे हिरव्यासाठींच असतात, त्यामुळें तो रंग अधिक स्वच्छ उमटतो. मात्र मुलीच्या हातांत हिरव्या बांगड्या असल्या तर मनगटाला भोंक पडलेंच म्हणून समजावें! पडद्यावर सुरकुती नसावी, त्यावर सर्वत्र सारखा प्रकाश असावा, आणि मनुष्यानें त्यापासून सहासात फूट पुढें उभें राहावें. नाहीं तर त्याची सावली पडद्यावर पडते व पडद्याचा हिरवेपणा त्याच्या गालांवर उमटतो. सर्वांत कठीण म्हणजे केस. भुरभुरणाऱ्या केसांची कड नीट साधणें हीच या कामांतील खरी परीक्षा.

या विद्येस कोणी नवें खूळ म्हणेल तर तें बरोबर नाहीं. इंग्लंडांत रेलँडर या छायाचित्रकारानें १८५७ सालीं तीसांहून अधिक निगेटिव्ह जोडून एकच भव्य चित्र सिद्ध केलें. फ्रान्समध्यें मेलिएस यानें १८९८ सालीं काळ्या पडद्याच्या साह्यानें आपलें मस्तक तीन वेळां धडावेगळें करून मेजांवर मांडून दाखविलें. आपल्या त्र्यंबकेश्वरच्या दादासाहेब फाळक्यांनीं १९१० च्या सुमारास मुंबईस ख्रिस्तचरित्राचा चित्रपट पाहिला, आणि तो पाहतांना त्यांच्या मनश्चक्षूंपुढें कृष्ण उभा राहिला. त्यांतूनच १९१३ चा 'राजा हरिश्चंद्र' जन्मला, व पुढें 'लंकादहन', 'कालियामर्दन' अशा चित्रपटांत त्यांनीं कॅमेऱ्याच्या नाना करामती केल्या. १९४० च्या 'थीफ ऑफ बगदाद' या चित्रपटांत लॅरी बटलर यांनीं निळा पडदा वापरून ही रीत यशस्वी केली, आणि पेट्रो व्लाहोस यांनीं १९५९ च्या 'बेन-हर'साठीं तिच्यांत मोठी सुधारणा केली.

यांतील कोणासहि लबाड म्हणतां येणार नाहीं. आपण खेळ पाहत आहोंत हें प्रेक्षकास ठाऊक असतें. पडद्यावर उडणारा मारुती पुरावा म्हणून कोणी न्यायालयांत नेत नाहीं. वर्गाच्या छायाचित्राची गोष्ट निराळी. तें साक्ष देतें. अमुक वर्षीं, अमुक दिवशीं, हीं मुलें या पायऱ्यांवर एकत्र बसलीं होतीं, एवढेंच तें सांगतें; आणि तेवढ्यासाठींच तीस वर्षांनीं मनुष्य तें पेटींतून काढून पाहतो. खोट्या साक्षीविषयींची आज्ञा आपण शास्त्रपाठाच्या तासाला मुलांकडून पाठ करून घेतों. ती भिंतीवर टांगलेल्या चित्रास लागू नाहीं काय? शिवाय ज्या हातानें एक मुलगा रांगेंत घालतां येतो, त्याच हातानें दुसरा काढतांहि येतो. आज आजारी मुलास आंत घेतलें, आणि उद्यां फी थकलेल्या किंवा शाळा सोडून गेलेल्या मुलास बाहेर काढा असें कोणी म्हणालें, तर आपण कोणत्या तोंडानें नाहीं म्हणावें?

तथापि पालकांचें दुःख खरें आहे. गैरहजर राहणारीं मुलें बहुधा गरिबांचीं असतात. ऊसतोडीस निघालेल्या आईबापांबरोबर जीं मुलें जातात, त्यांना वर्गाच्या चित्रांत जागा नसावी हें कोणत्याहि शिक्षकास बोचल्यावांचून राहणार नाहीं. जुन्या समूहचित्रांत यावर एक उपाय आढळतो. गैरहजर व्यक्तीचें चित्र वरच्या कोपऱ्यांत लंबवर्तुळाकार चौकटींत निराळें छापीत. त्यांत ती व्यक्ति मंडळींत असे, आणि त्या दिवशीं ती नव्हती हेंहि दिसे. कोणी फसत नसे. तीच रीत पुन्हां चालू करावी असें आमचें मत आहे.

हिरव्या पडद्यास मात्र शाळेचें दार बंद करूं नये. नाताळच्या कार्यक्रमांत चांगल्या शोमरोन्याची गोष्ट चित्रफितीनें दाखवावयाची असेल, तर यरुशलेमाहून यरीहोस उतरणारी ती उजाड वाट आपल्या सभागृहांत अवश्य आणावी, आणि शेवटीं ती कशी आणली तेंहि मुलांनींच दाखवावें. ज्या मुलानें पायांखालची सावली जुळविण्यांत एक अख्खी संध्याकाळ घालविली, तो मोबाइलवर आलेल्या चित्रावर डोळे मिटून विश्वास ठेवणार नाहीं. उजेड कोणत्या बाजूचा, सावली कोठें पडली, हें तो आधीं पाहील. (हल्लीं कृत्रिम बुद्धि पडद्यावांचूनच चित्रें बनविते, व तेथें या खुणा दर वेळीं सांपडतीलच असें नाहीं, परंतु शंका घेण्याची संवय तेथेंहि उपयोगी पडते.)

राहिली वर्गचित्राच्या तारखेची गोष्ट. तें जानेवारी-फेब्रुवारींत घेण्याची जी वहिवाट आहे ती मोडून, दसऱ्यापूर्वीं पावसाची उघडीप पाहून तें घ्यावें. म्हणजे ऊसतोडीच्या टोळ्या बाहेर पडण्याआधीं सगळा वर्ग पायऱ्यांवर बसलेला सांपडेल.