घोकलेलें उत्तर आणि उमगलेलें उत्तर

परीक्षा जवळ आली कीं बोर्डिंगच्या ओसरीवर पहाटेपासून पाठांतराचा जो घोष सुरू होतो, तो आमच्या वाचकांस नवा नाहीं. त्या घोषाची थट्टा करण्याचा आमचा हेतु नाहीं. आम्हीही त्यांतूनच वर आलों आहों. परंतु काय मुखोद्गत करावें आणि काय समजून घ्यावें, हा विवेक फार थोडे विद्यार्थी करितात. तो न केल्यास काय होतें, हें दाखविण्यास हौशी रेडिओच्या परीक्षेसारखें चांगलें उदाहरण आम्हांस दुसरें आढळत नाहीं.

हौशी रेडिओ म्हणजे धंद्यासाठीं नव्हे, तर ज्ञानाच्या व सेवेच्या आवडीनें स्वतःचें बिनतारी केंद्र चालविणें. आपल्या देशांत त्यास सरकारी परवाना लागतो व त्यापूर्वीं परीक्षा द्यावी लागते. बारा वर्षें पूर्ण झालेल्या मुलामुलींस तीस बसतां येतें. परीक्षेंत विद्युत् व रेडिओ यांचें शास्त्र आणि केंद्र चालविण्याचे नियम या दोहोंवर प्रश्न असतात. अमेरिकेंत तर प्राथमिक परवान्याच्या परीक्षेचा सुमारें चारशें प्रश्नांचा संग्रह उत्तरांसह आधींच प्रसिद्ध केलेला असतो. त्यांतले ३५ प्रश्न विचारितात. प्रत्येकाखालीं चार उत्तरें दिलेलीं असतात, आणि २६ बरोबर आलीं म्हणजे उमेदवार उत्तीर्ण होतो. साहजिकच पुष्कळांस वाटतें कीं, संग्रह पाठ केला म्हणजे झालें. शास्त्राच्या वाटेस जावें कशाला?

आमच्या परिचयाचा एक हुशार विद्यार्थी अशाच रीतीनें तयारी करीत होता. एरिअलची तार किती लांब असावी, असें आम्हीं विचारतांच तो ताडकन् म्हणाला, "१४३ ला मेगाहर्ट्झनें भागावें, म्हणजे मीटर मिळतात." उत्तर अगदीं बरोबर होतें. आम्हीं पुढें विचारिलें, "हे १४३ आले कोठून?" तो गप्प बसला. "बरें, मेगाहर्ट्झ दुप्पट केले तर तार लांब होईल कीं आखूड?" त्यावर तो किंचित् रागावून म्हणाला, "गुरुजी, हा प्रश्न पुस्तकांत नाहीं!"

वस्तुतः त्या आकड्यामागची हकीकत एका तासांत समजण्याजोगी आहे. रेडिओची लहर सेकंदास सुमारें तीस कोटि मीटर धांवते. म्हणून ३०० ला मेगाहर्ट्झनें भागिलें कीं लहरीची लांबी मीटरांत येते. साध्या एरिअलला अर्ध्या लहरीएवढी तार पुरते, म्हणून १५०. आणि तारेच्या टोकांशीं होणाऱ्या परिणामामुळें ती सुमारें शेंकडा पांच आंखूड ठेवावी लागते, म्हणून १४३. आतां ७.१ मेगाहर्ट्झसाठीं सुमारें २० मीटर तार कां, आणि १४.२ साठीं सुमारें १० च कां, हें कोणी सांगावें लागत नाहीं. जवळच्या पत्र्याच्या छपरामुळें हिशेब थोडा चुकला, तरी असा मुलगा गोंधळत नाहीं. तो तार कमीजास्त करून पाहतो. घोकणारा मात्र पुन्हां पुस्तक उघडतो, आणि त्यांत त्याच्या छपराचा उल्लेख नसतो.

येथपर्यंत नुकसान फक्त वेळेचें झालें. परंतु कांहीं अज्ञान याहून महाग पडतें. मोठ्या विद्युद्दाबाचें प्रेषक यंत्र बंद केलें, भिंतींतला प्लग काढिला, तरी आंतील कपॅसिटरमध्यें विद्युत् सांठून राहूं शकते. "यंत्र उघडण्यापूर्वीं कपॅसिटर रिकामा करावा" हें वाक्य पाठ असलेला मनुष्य घाईंत तें विसरूं शकतो. परंतु कपॅसिटर हें विजेचें सांठवणच आहे, हें ज्यास उमगलें, त्याचा हात आपोआप मागें थांबतो. परीक्षेंत एक प्रश्न चुकला तर एक गुण जातो. येथें चुकलें तर प्राण जाऊं शकतो.

आणि प्रश्न केवळ स्वतःच्याच प्राणाचा नाहीं. २६ जानेवारी २००१ रोजीं भुजच्या भूकंपानें टेलिफोन बंद पडले, तेव्हां हौशी रेडिओमंडळींनीं निरोप पोंचविले. २६ डिसेंबर २००४ रोजीं त्सुनामीनें अंदमान-निकोबार बेटांस तडाखा दिला, तेव्हां हौसेनें पोर्ट ब्लेअरला गेलेलें एक मंडळ आपल्या यंत्रांसह तेथें होतें. बेटांवरील लोकांची खुशाली त्यांच्यामार्फत बाहेर कळली. अशा वेळीं वीज नसते, एरिअल पडलेलें असतें, आणि समोर चार उत्तरें छापलेलीं नसतात.

कोणी म्हणतील, "आधीं परवाना मिळवूं, शास्त्र मागाहून शिकूं." या म्हणण्यांत तथ्य नाहीं असें नाहीं, कित्येक उत्तम हौशी याच वाटेनें गेले आहेत. पण ते मागाहून खरोखर शिकले, हें विसरूं नये. परवाना भिंतीवर टांगून जो तेथेंच थांबला, त्यानें वाळूवर घर बांधिलें. पाऊस येईपर्यंत तें खडकावरच्या घरासारखेंच दिसतें.

मग पाठांतर सर्वस्वीं टाकावें काय? मुळींच नाहीं. आपणांस कोणत्या पट्ट्यांत बोलण्याची परवानगी आहे, संकटाचा संदेश ऐकूं आल्यास आपलें बोलणें थांबवून काय करावें, अक्षरें उच्चारण्याचीं ठरलेलीं नांवें कोणतीं, हें सर्व जिभेवरच पाहिजे. मोर्स संकेत तर कागदावरचे ठिपके व रेघा मोजून येत नाहींत. ते कानानें, गाण्याच्या चालीसारखे, पाठ करावे लागतात. मनुष्यांनीं परस्परांत ठरविलेलें जें आहे तें पाठ करावें. सृष्टीच्या नियमानें जें घडतें तें समजून घ्यावें. आमच्या मतें सीमारेषा हीच होय.

विद्यार्थिमित्रहो, या परीक्षेस बसा वा न बसा, एवढें करून पाहा. प्रत्येक प्रश्नाचें बरोबर उत्तर कां बरोबर आहे, तें आपल्या शब्दांत लिहा. उरलेलीं तीन कां चूक आहेत, तेंही लिहा. शक्य तें शिक्षकांच्या देखरेखीखालीं हातानें करून पाहा. शेवटीं तेंच धाकट्या भावाबहिणीस समजावून सांगा, त्यांनीं "कां?" म्हणून विचारिलें आणि तुम्हांस उत्तर देतां आलें, तर समजा कीं विषय तुमचा झाला. भूमितीच्या सिद्धांतांस व इतिहासाच्या कारणपरंपरेसही हीच रीत लागू आहे. गुण तर अशा अभ्यासानेंही मिळतात. आणि परीक्षेचा दिवस मावळल्यावर घोकलेलें बहुधा विसरतें, उमगलेलें जन्मभर पुरतें.