दारावरची पाटी

विद्यादान हें सर्व दानांत श्रेष्ठ, असें आपण लहानपणापासून ऐकत आलों आहों. परंतु घेणाऱ्याची मान खालीं न जातां तें कसें द्यावें, याचा विचार आपल्या घरांतून फारसा होत नाहीं. हा विषय या महिन्यांत वाचकांपुढें मांडण्यास निमित्त झालें तें माझ्या पुतण्याचें पत्र. तो नोकरीनिमित्त अमेरिकेंत सॅन फ्रॅन्सिस्को शहराजवळ राहतो. "काका, येथें एका दुकानाच्या मागें मुलांची विनामूल्य शिकवणी चालते, आणि दुकान कसलें म्हणाल, तर समुद्रावरील चांच्यांना लागणाऱ्या सामानाचें!" असें त्यानें लिहिलें. प्रथम मला ती थट्टाच वाटली. पुढें चौकशी केल्यावर जी हकीकत कळली, ती मनन करण्यासारखी आहे.

त्या शहरांत मिशन नांवाचा एक भाग आहे. तेथें मेक्सिको व त्याच्या दक्षिणेकडील देशांतून आलेलीं पुष्कळ कुटुंबें राहतात. घरांत बोलणें स्पॅनिश, शाळेंत शिकणें इंग्रजी. आईबाप दिवसभर कामावर. मुलाला धडा अडला तर त्यानें विचारावें कोणास? डेव्ह एगर्स या लेखकाचे कांहीं मित्र शिक्षक होते. वर्गांत मुलें फार, त्यामुळें एकेकाजवळ बसण्यास वेळ मिळत नाहीं, हें त्यांचें गाऱ्हाणें. उलट एगर्स यांच्या लेखक व संपादक मित्रांना दिवसा थोडी सवड असे. एकीकडे गरज आणि दुसरीकडे सवड. दोहोंची गांठ घालून द्यावी, एवढीच मूळ कल्पना. २००२ सालीं एगर्स व निनिवे कालेगारी या शिक्षिकाबाई यांनीं व्हॅलेन्शिया रस्त्यावरील ८२६ क्रमांकाच्या जागेंत हें केंद्र उघडलें. जागेचा पत्ता तेंच संस्थेचें नांव झालें.

अडचण अशी निघाली कीं, नगराच्या नियमाप्रमाणें ती जागा दुकानासाठीं राखलेली. तेथें कांहीं तरी विकणें भाग होतें. आंतील जुन्या लांकडी तुळया पाहून जहाजाच्या पोटांत उभे असल्याचा भास होई. त्यावरून चांच्यांचें दुकान सुचलें! डोळ्यावर बांधावयाची पट्टी, हाताच्या जागीं बसवावयाचा आंकडा, लांकडी पाय, असा माल मांडला. गंमत म्हणून मांडलेला हा माल खपूं लागला, व जागेच्या भाड्यास त्याचा हातभार लागला.

तरीहि आरंभीं मुलें येईनात. शिकविणारे हजर, पाटी लावलेली. पण फुकट शिकविणारे हे लोक कोण, अशी पालकांना शंका. कालेगारीबाईंचा शाळांशीं व पालकांशीं परिचय होता. त्यांनीं कारभार हातीं घेतल्यावर हळूहळू विश्वास जुळला आणि जागा मुलांनीं भरून गेली. आजहि क्रम तोच आहे: शाळा सुटल्यावर मुलगा येतो, एक वडीलधारें माणूस शेजारीं बसतें, गृहपाठ पुरा होतो. मुलांचें लेखन निवडून त्याचीं पुस्तकें छापतात. हा कित्ता पुढें अमेरिकेंतील इतर शहरांनीं गिरविला. डब्लिन येथें रॉडी डॉइल व शॉन लव्ह यांनीं २००९ मध्यें, आणि लंडनांत निक हॉर्न्बी व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २०१० मध्यें अशींच केंद्रें काढलीं. लंडनच्या केंद्राच्या दर्शनीं तर राक्षसांच्या सामानाचें दुकान आहे!

या सर्वांत मला मोलाची वाटली ती गोष्ट दाराची. मागें पडलेलीं मुलें जेथें जातात तेथें जाण्यास मूल लाजतें. चांच्यांच्या दुकानांत शिरण्यास कोण लाजेल?

हें मला इतकें कां लागलें तें सांगतों. निवृत्त झाल्यावर मींहि आमच्या ओसरीवर संध्याकाळीं वर्ग सुरू केला, आणि मोठ्या हौसेनें दारावर पाटी लावली: 'गरीब विद्यार्थ्यांस मोफत शिकवणी.' पहिल्या आठवड्यांत अकरा मुलें आलीं; तीन महिन्यांनीं चारच उरलीं. आमच्याकडे भांडीं घासणाऱ्या बाईंचा मुलगा गणितांत हुशार. तोहि येईनासा झाला. मीं बाईंना विचारलें. त्या बराच वेळ बोलल्या नाहींत, मग म्हणाल्या, "गुरुजी, रागावूं नका. ती पाटी वाचून वर्गातली पोरं त्याला चिडवत्यात."

आमच्या वडिलांनीं परगांवीं वार लावून शिक्षण केलें होतें. कोणत्या घरीं पानावर प्रेमानें वाढीत आणि कोठें कपाळाला आठी घालून, हें त्यांना उतारवयांतहि तोंडपाठ होतें. त्यांचा मुलगा असून मीं 'गरीब' हा शब्द ठळक अक्षरांत रंगवून घेतला! त्याच रात्रीं पाटी उतरविली. आमच्या घरांतून सूचना आली ती अशी: "अहो, आपला नातू आंत टेबलाशीं बसतो आणि हीं मुलें बाहेर ओसरीवर. त्यालाहि बसवा कीं त्याच सतरंजीवर." तेंहि केलें. आतां दारावर पाटीच नाहीं. संध्याकाळीं आमच्याकडे मुलें अभ्यासाला जमतात, एवढेंच लोकांना ठाऊक आहे. हल्लीं नऊ मुलें येतात.

तो मुलगा मात्र परत आला नाहीं. दहावीच्या परीक्षेंत त्याचें गणितच राहिलें, व आतां तो एका गॅरेजांत काम करतो. त्याची धाकटी बहीण येते. रस्त्यांत भेटला म्हणजे तो नमस्कार करतो. पण त्याच्या नजरेला नजर देतांना मला ती पाटी आठवते.

आपल्या मोठ्या कुटुंबांतून निवृत्त मंडळी आहेत, पदवीधर सुना-मुली आहेत, संध्याकाळचा तासभर सवडहि आहे. ज्यांचीं मुलें परदेशीं आहेत त्यांनीं तीं तेथें अशा कामांत जातात कां, हें अवश्य विचारावें. परंतु येथें किंवा तेथें, वर्ग काढण्यापूर्वीं दोन गोष्टी पाहाव्या: मुलांच्या आईबापांशीं आधीं ओळख करावी, आणि आपल्या दारांतून आंत येतांना त्या मुलाला काय वाटेल, हें क्षणभर त्याच्या जागीं उभें राहून पाहावें. खडू आणि फळा त्यानंतर आणावा.