हौसेची चाके

गाडी खाली बसवायची आणि मोठ्या रिंगा घालायच्या, ही हौस आता अकोला-वाशीम रस्त्यावरच्या आमच्या मेडशीपर्यंत पोचली आहे. हौसेला माझा विरोध नाही. पोळ्याला बैलांची शिंगे रंगवणाऱ्यांचीच ही नातवंडे. पण रंगाने बैलाची चाल बदलत नसे.

बँकेत आयुष्य गेले, म्हणून मी आकडे आधी पाहतो. टायरवर १८५/६५ आर १४ असे लिहिलेले असते. रुंदी १८५ मिलिमीटर, रबराची उंची तिच्या ६५ टक्के, म्हणजे सुमारे १२०. रिंग १४ इंची. तिथे १९५/५० आर १६ घातला तर चाकाचा व्यास जेमतेम ५ मिलिमीटरने वाढतो, रबर मात्र साडेसत्त्याण्णववर येते. खड्ड्याचा दणका झेलणारी गादीच पातळ झाली! त्यात स्प्रिंगा कापलेल्या. मागे तिघे बसले आणि गतिरोधक आला, की टायर मडगार्डला घासतो. दुकानदार ‘बसते’ म्हणतो, ते रिकाम्या गाडीत. माणसे बसवून, स्टेअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाहावे. टायरवरचा भाराचा आकडाही वाचावा. ८२ म्हणजे एका टायरला ४७५ किलो. मूळच्यापेक्षा कमी नको.

आता कागद. कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये बसत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले. अपघातानंतर विमा कंपनी नेमके तिथेच बोट ठेवू शकते. तेव्हा गाडी बँकेकडे तारण असते, आणि हप्ता बहुधा बापाच्या सोयाबीनवर चाललेला असतो.